किरकोळ जखमांसाठी कैलास जीवन : केव्हा लावावे, केव्हा थांबावे

विळीवर भाजी चिरताना बोटाला गेलेली बारीक चीर दिसायला नगण्य असते. पण त्याच हाताने लिंबू पिळायचे आणि भांडी घासायची असतात, म्हणून ती दोन-तीन दिवस सतत आपले अस्तित्व जाणवून देते. अशा वेळी आमच्या घरात हात आपोआप जातो तो पुण्याच्या आयुर्वेद संशोधनालयाच्या कैलास जीवनकडे. अनेक वर्षांच्या वापरानंतर या मलमाविषयी माझे मत चांगलेच आहे, मात्र त्याला एक महत्त्वाची अट आहे.

खोबरेल तेल, राळ आणि कापूर हे यातले ओळखीचे घटक. पूर्वी घरोघरी राळेचे मलम करीत, त्याची आठवण हे मलम पहिल्या वासातच करून देते. राळेची पूड गरम तेलात विरघळवायची, ते मिश्रण परातीत घेऊन पाणी घालत तळहाताने फेटायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घ्यायचे आणि लोण्यासारखा पांढरा गोळा होईपर्यंत हे चालू ठेवायचे, अशी ती कष्टाची कृती होती. कैलास जीवनही तसेच पांढरे आणि मऊ असते, बोटावर घेताच वितळू लागते आणि कापरामुळे लगेच गार वाटते.

अट आहे ती या गारव्याबाबतच. गार वाटले म्हणजे जखम निर्जंतुक झाली, असे नव्हे. शिवाय उघड्या जखमेवर कापूर झोंबतो आणि तिच्यातून तो शरीरात शोषलाही जाऊ शकतो. म्हणून ताज्या जखमेवर मी हे मलम लावत नाही. आधी वाहत्या पाण्याखाली बोट धरून साबणाने भोवतीची त्वचा स्वच्छ करावी, रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्येच उचलून न बघता, दाबून धरावे, मग साधी पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधावी. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी हा आपल्याकडचा समज फार चिवट आहे. परंतु संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या डुकरांवरील प्रयोगांत झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली होती.

कैलास जीवनची खरी वेळ येते ती चीर मिटल्यानंतर. तेव्हा कडा कोरड्या पडतात, त्वचा ताणली जाते, खाज सुटते आणि नकळत खपली ओढली जाते. या टप्प्यावर रात्री झोपताना लावलेला पातळ थर खाज शमवतो आणि सकाळी त्वचा मऊ असते. हिवाळ्यात बोटांच्या पेरांशी आणि टाचांना पडणाऱ्या वरवरच्या भेगांवर तर मला यापेक्षा समाधानकारक मलम मिळालेले नाही. नव्या त्वचेला जपण्याचे काम केवळ जेलीनेही होते, हे मान्य केले पाहिजे. पण खाजेवरचा तो आराम जेली देत नाही.

तेलकटपणा मात्र गृहीत धरावा, कारण उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात. थंडीत खोबरेल थिजते तसे हेही घट्ट होते, त्यामुळे थोडे तळहातावर चोळून घ्यावे. डबीत वारंवार बोटे घालण्यापेक्षा ट्यूब घेणे अधिक स्वच्छ आहे. घरात लहान मूल असेल तर ती उंच फळीवर ठेवावी, कारण पोटात गेलेला कापूर मुलांना घातक ठरू शकतो. तान्ह्या बाळाला हे मलम लावूही नये.

गंजक्या वस्तूने किंवा मातीत झालेली जखम, खोल जखम, मधुमेही माणसाच्या पायाची जखम किंवा लाली आणि ठणका वाढत चाललेली कोणतीही जखम घेऊन मात्र डॉक्टरांकडेच जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले होते, हे त्यांना सांगावे.