२१ टर्नच्या नावाखाली भंगारातली मोटर, आणि गेलेले ४,२६० रुपये

सगळे मिळून ४,२६० रुपये गेले. घरचे म्हणाले, एवढंच ना, सोडून दे. मी सोडणार नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत मी १९ वर्षं मेंटेनन्सला आहे. मोटर उघडणं, ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बदलणं हे माझं रोजचं काम, आणि मोटरच्याच व्यवहारात मला टोपी घातली गेली. सांगायची लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प बसलो. परवा कळलं की सिडकोतला एक मुलगा त्याच माणसाला पैसे पाठवायच्या बेतात आहे, म्हणून आता लिहितोय.

रिमोटवर चालणारा खेळण्यातला ट्रक भाच्याचा, १:१० साइजचा. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी तो गंगापूर धरणाच्या काठच्या चिखलात पळवला, नळाखाली धुतला आणि ओलाच कपाटात ठेवला. बुश (मोटरचा दांडा फिरतो त्या कड्या) गंजले, मोटर जाम. ‘मामा, तूच बघ ना,’ म्हणाला. जुनी मोटर ५४० साइजची, २१ टर्नची होती. टर्न म्हणजे आर्मेचरवरचे, मोटरच्या फिरत्या भागावरचे, तारेचे वेढे. वेढे कमी तसा वेग जास्त, पण करंटही जास्त ओढला जातो. म्हणून ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किती टर्नची मर्यादा छापली आहे ते आधी बघायचं आणि त्याखाली जायचं नाही. ५५० साइजची मोटर जोरकस असते, पण सात मिलिमीटर जास्त लांब, ती चेसिसमध्ये बसेल का हे मोजूनच ठरवायचं. शाफ्ट, म्हणजे मोटरचा दांडा, ३.१७ मिलिमीटर हवा, नाहीतर त्यावरचं जुनं पिनियन (छोटं गिअर) बसत नाही. मी हे सगळं व्हर्नियरने मोजलं होतं. ‘नीट बघून घ्यायचं होतंस’ म्हणणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय.

मेन रोडला आणि शालिमारला फिरलो, खेळण्यांच्या दुकानांत छोट्या मोटरींशिवाय काही नव्हतं. मग मोबाइलवर या विकणाऱ्याचं पेज सापडलं. दहा-बारा ट्रकांचे व्हिडिओ, खाली कौतुकाच्या कमेंट. मोटरचे १,४५० आणि कुरिअरचे १२०, पैसे आधी. माल हातात आल्यावर पैसे देतो म्हटलं तर ‘दादा, लोक पार्सल परत पाठवतात, आमचं नुकसान होतं.’ मला ते पटलं, कारण आमच्या कंपनीतही स्पेअर आणताना असं ऐकतो.

आता जे रात्री झोपेतही आठवतं ते. जाहिरातीत लिहिलं होतं: ब्रश बदलता येतात, टायमिंग (ब्रशचा कोन) फिरवता येतं. त्याने पाठवलेल्या फोटोत मात्र मोटरच्या मागच्या झाकणावर डब्याचे पत्रे दाबून वळवलेले स्पष्ट दिसत होते. अशी बंद डब्याची मोटर उघडून ब्रश बदलता येत नाहीत, टायमिंग तर सोडाच. शिवाय रिमोटच्या सिग्नलला अडथळा येऊ नये म्हणून ब्रशपासून डब्यापर्यंत लावतात ते कॅपॅसिटर जोडलेले नव्हते. मी फोटो मोठा करून पाहिला. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, ‘फोटो जुन्या लॉटचा आहे, माल नवीन येईल.’ रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, सकाळी सातची पाळी होती, भाच्याची सुट्टी संपत आली होती. मी पैसे पाठवले. तिथेच नवा फोटो मागितला असता, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून, तर हे पुढचं काहीच झालं नसतं. तुम्ही मागा. देत नसेल तर तिथेच थांबा.

आठव्या दिवशी पार्सल आलं. स्टिकरवर ‘२१ टर्न’. शाफ्टवर पिनियन आवळणाऱ्या ग्रब स्क्रूसाठी सपाट कापच नाही, उलट प्रेसने बसवलेलं गिअर ओढून काढल्याचे ओरखडे. तरी बसवली, कारण पोरगं समोर उभं होतं. ७.४ व्होल्टवर ट्रक रांगायला लागला, मागून ठिणग्या, चार मिनिटांत डबा हात लावता येईना, आणि ईएससीतून धूर. नवा ईएससी १,८०० रुपये.

फोन केला तर तो इतका नम्र! ‘चुकून दुसरा माल गेला, बदलून देतो.’ रिव्हर्स कुरिअरचे २४०, आणि बेअरिंगवाली चांगली मोटर देतो म्हणून फरकाचे ६५०. तेही पाठवले. १,५७० बुडू नयेत म्हणून ८९० आणखी घातले. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक, पिकअपला कोणी फिरकलं नाही. बदली माल हातात येण्याआधी फरकाचा एक रुपयाही देऊ नका.

सातपूरच्या वाइंडिंगवाल्याकडे मोटर उघडली. स्टिकरखाली १२ व्होल्टचा छाप. मुलं बसून चालवतात त्या बॅटरीच्या जीपमधली वापरलेली मोटर. कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा, ब्रश झिजून संपत आलेले, पट्ट्यांमधल्या फटींत कार्बनची पूड. त्या पुडीने पट्ट्या आपसात शॉर्ट झाल्या आणि ईएससी गेला. त्या विकणाऱ्याने ती पुसून रंग मारून १,४५० ला विकली.

आणि मग तक्रार. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ‘तो नंबर दुसऱ्या राज्यातला आहे, आमच्या हद्दीत येत नाही.’ दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द बघायची नसते, हे कायद्यात लिहिलंय. ते मी तिथे सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘खेळण्याच्या मोटरसाठी एवढं?’ चार माणसांसमोर. तिसऱ्या खेपेला साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कुरिअरवाला म्हणतो, पाठवणाऱ्याचा पत्ता देता येत नाही. तीन अर्ध्या रजा गेल्या, त्या हिशेबात धरलेल्याच नाहीत. अशा लोकांचं फावतं ते यामुळेच. दोन-अडीच हजारांसाठी कोण चकरा मारणार, हे त्याला पक्कं माहीत आहे.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पहिल्या तासाभरात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी सहाव्या दिवशी केला. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, माझ्याकडचे निम्मे मेसेज त्याने पुसले. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ घ्या. मोटर आली की बसवण्याआधी शाफ्ट हाताने फिरवा, ब्रशच्या फटीतून टॉर्च मारा, कम्युटेटर तांब्यासारखा चमकला पाहिजे.

भाच्याला शेवटी एका ओळखीच्या दुकानदाराने मागवून दिलेली मोटर बसवली, काउंटरवर बॅटरी लावून फिरवून घेतली, मगच पैसे दिले. जुनी मोटर अर्धवट सोललेल्या स्टिकरसकट पिशवीत बांधून ठेवली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ती तक्रारही भरायला घेतली. समोरच्याचा पूर्ण पत्ता लिहा, या रकान्यापाशी ती तीन आठवडे अडकली आहे. तो पत्ता कुरिअरवाल्याकडे आहे, आणि मागायचा अधिकार असलेलं कोणी मागत नाही.