बोटीवर चढवतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा

बोटीवर खलाशी म्हणून लागण्यासाठीचा जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक) हातात आली, तरी बोट मिळत नाही, अशी मुलं कोकणात आणि घाटावरही गावोगाव आहेत. घरातलं सोनं गहाण ठेवून कोर्सची फी भरलेली असते. वर्ष सरत आलं की घरात सगळ्यांचा धीर सुटायला लागतो, आणि एजंट गाठतो तो नेमका तेव्हाच.

बहुतेक वेळा तो ओळखीतून येतो. आधीच्या बॅचचा एखादा मुलगा, गावातलाच कोणी सब-एजंट. नवी मुंबईत कुठेतरी छोटं ऑफिस असतं, भिंतीवर जहाजांची पोस्टर, टेबलावर पासपोर्टांचा गठ्ठा. तो गठ्ठा पाहूनच विश्वास बसतो. पहिल्या दिवशी मोठी रक्कम कोणी मागत नाही. आधी मेडिकल, मग ‘फाइल चार्ज’, मग ‘टोकन’. टोकन दिलं की दोन-चार दिवसांत जॉइनिंग लेटर येतं आणि उरलेले काही लाख ‘व्हिसा यायच्या आत’ मागितले जातात. पैसे भरल्यावर तारखा सुरू होतात: बोट पोर्टला लागली नाही, क्रू चेंज (बोटीवरची माणसं बदलणं) पुढे गेला, पुढच्या आठवड्यात नक्की. मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे अडकलेली, त्यामुळे मुलाला दुसरीकडे अर्जही करता येत नाही.

नियम स्पष्ट आहे. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत, थेटही नाही आणि आडवळणानेही नाही. भारताने 2015 मध्ये हा करार स्वीकारला. खलाशाने स्वतः करायचा खर्च म्हणजे सक्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. म्हणून सर्व्हिस चार्ज, डिपॉझिट, प्रोसेसिंग, नाव काहीही असो, नोकरीसाठी पैसे मागितले की बोलणं तिथेच संपवा.

भारतीय खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना लागतो. नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. तिथे नाव, परवाना क्रमांक, पत्ता आणि परवाना सध्या चालू आहे की निलंबित, हे पाहा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण आता खऱ्या कंपनीचंच नाव आणि नंबर वापरून खोटी पत्रं काढली जातात. पत्रावरच्या मोबाइलवर चौकशी केली तर त्यांचाच माणूस ‘हो, खरं आहे’ म्हणणार. फोन नंबर अधिकृत नोंदीतूनच घ्या, शक्य असेल तर त्या पत्त्यावर जाऊन विचारा.

मग जॉइनिंग लेटर हातात घेऊन बसा. जहाजाचं नाव आहे, पण आयएमओ नंबर (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नाही? मग ते पत्र खरं धरू नका. नंबर असेल तर तो सात आकडी असतो आणि कागदावरच तपासता येतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा नंबरातल्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. 9074729 घेतला तर 63, 0, 35, 16, 21 आणि 4 मिळून 139 होतात. शेवटी 9, नंबराच्या शेवटीही 9. जुळला नाही तर नंबर बनावट. जुळला तरी कोणीही दुसऱ्या जहाजाचा खरा नंबर उचलू शकतो, म्हणून इक्वेसिस (Equasis) या जहाजांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून तो टाका. जहाजाचा प्रकार, मालक, झेंडा पत्रातल्या माहितीशी जुळतो का ते पाहा. भंगारात गेलेल्या जहाजाचं नाव पत्रात असेल तर ते इथेच कळतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुबईच्या व्हिजिट व्हिसावर पाठवल्या जाणाऱ्या मुलांची. ‘इमिग्रेशनला फिरायला चाललोय म्हणून सांग, तिथे उतरल्यावर बोट देतो’ असं कोणी सांगत असेल तर विमानात बसूच नका. खलाशी म्हणून रीतसर नोंद टाळण्यासाठीच हा मार्ग वापरतात. पुढे मुलाला जुनाट, विमा नसलेल्या बोटीवर चढवतात. पगार थांबतो, मालक फोन उचलत नाही आणि उतरायचं म्हटलं तर पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात. 2024 मध्ये जगभरात वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक भारतीय होते. परदेशी सीडीसी काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागलेली मुलंही अनेकदा इथेच येऊन अडकतात.

निघण्याआधी सही केलेला करारनामा हातात हवा. त्यात पद, महिन्याचा पगार, कराराची मुदत आणि घरी परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं असतं. ‘बोटीवर गेल्यावर सही होईल’ हे मान्य करू नका.

पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका. ऑनलाइन दिले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यांमधून पुढे सरकते. रोख दिले असतील तर कोणासमोर, कुठे, कधी दिले ते आठवतं तोवर लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका, एजंटला ब्लॉकही करू नका. पोलिसांत तक्रार देताना त्यात पासपोर्ट आणि सीडीसी अडवून ठेवल्याचं वेगळं लिहा, आणि तक्रारीची प्रत नौवहन महासंचालनालयाला पाठवा. एकाच एजंटने दहा-वीस मुलांना फसवलेलं असतं. बॅचच्या ग्रुपवर विचारलंत तर बाकीचे सापडतील. सगळ्यांनी एकत्र जाऊन तक्रार द्या.