लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन : आईच्या सहा सायकलींनंतर

माझी आई ६२ वर्षांची आहे. अंडाशयाचा कर्करोग पहिल्या किमोनंतर दीड वर्षाने उलटला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तिला पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे इंजेक्शन लिहून दिले आणि 'हे नॅनो आहे, साध्यापेक्षा सोसेल' असे सांगितले. आमच्या समुद्रपूर तालुक्यात (जि. वर्धा) नॅनो हा शब्द नॅनो युरिया या खताच्या बाटलीमुळे घरोघरी पोचलेला असल्याने आईला त्याचे नवल वाटले नाही. मला मात्र या औषधात साध्यापेक्षा वेगळे नेमके काय आहे, हे समजून घ्यावेसे वाटले. एप्रिल ते सप्टेंबर या काळात सहा सायकली, म्हणजे ठरावीक अंतराने औषध देण्याच्या सहा फेऱ्या, झाल्या. औषध आणि ते देणारी सेवा या दोन्हींविषयी माझे मत वेगवेगळे आहे.

आधी औषधाविषयी. डॉक्सोरुबिसिन जुनेच आहे. लाल रंगाचे, कर्करोगावर प्रभावी, पण हृदयाला घातक, आणि म्हणूनच आयुष्यभरात किती द्यायचे याला मर्यादा असलेले. नॅनो स्वरूपात तेच औषध साधारण ८० ते १०० नॅनोमीटरच्या चरबीच्या फुग्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडलेले असते. माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० नॅनोमीटरची असते, यावरून आकाराची कल्पना यावी. फुग्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण (म्हणून 'पेगिलेटेड') असल्याने शरीर त्याला लगेच ओळखून बाहेर काढत नाही आणि तो कित्येक दिवस रक्तात फिरत राहतो. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून तो सहसा बाहेर पडत नाही, गाठीतल्या घाईने वाढलेल्या, फटी असलेल्या वाहिन्यांतून मात्र झिरपतो. हृदय वाचते ते यामुळे. या फुग्यातली मुख्य चरबी सोयाबीनच्या लेसिथिनपासून बनवतात, हे कळले तेव्हा मला हसू आले; आमच्या वावरातल्या मालाला इतका भाव आलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

अमेरिकेत या औषधाला १९९५ साली मान्यता मिळाली आणि नॅनो औषधांतले ते पहिले मानले जाते. २०१२ मध्ये तिकडे तुटवडा पडला, तेव्हा आपल्या सन फार्मा या कंपनीचे 'लिपोडॉक्स' हे याच प्रकारचे औषध तात्पुरते आयात करण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जेनेरिकला, म्हणजे मूळ औषधाच्या तुल्य आवृत्तीला, रीतसर मान्यता मिळाली. त्यामुळे भारतीय औषध म्हणून शंका घेण्याचे मला कारण दिसले नाही. आम्ही वापरले ते दुसऱ्या एका भारतीय कंपनीचे होते.

'नेम धरून थेट गाठीवर' अशी जी जाहिरातीची भाषा ऐकू येते, तिच्यावर मात्र विसंबू नये. टोरोंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रसिद्ध झालेले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासून २०१६ मध्ये असे दाखवले की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक (मधले) प्रमाण अवघे ०.७ टक्के आहे. उरलेले बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकतात. तालुक्याच्या ठिकाणी एक गृहस्थ 'नॅनो हळदी'चे थेंब याच भाषेत विकतात आणि किमो सोडा म्हणतात. त्यांच्या बाटलीला आणि या इंजेक्शनला एका मापाने मोजणे हा शुद्ध अडाणीपणा ठरेल.

औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि गोठले तर वाया जाते. मे महिन्यात नागपूरच्या दवा बाजारातून २० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या थर्माकोलच्या डब्यात घेऊन निघालो, तेव्हा दुकानदाराने बर्फाच्या पाकिटांवर वर्तमानपत्राची घडी ठेवून वर कुप्या मांडल्या आणि 'गुरुजी, बर्फाला थेट टेकू देऊ नका' असे बजावले. साऱ्या प्रवासातला सर्वांत जाणता माणूस मला तोच वाटला.

पहिल्या वेळी सलाइन सुरू होताच पाच मिनिटांत आईचा चेहरा लाल झाला, पाठ भरून आली. सिस्टरांनी ताबडतोब थांबवले, इंजेक्शन दिले, अर्ध्या तासाने अगदी सावकाश पुन्हा सुरू केले. पुढच्या पाच वेळा काहीच झाले नाही. केस जवळजवळ टिकले. उलटी किरकोळ. टूडी इको या हृदयाच्या तपासणीत त्याची ताकद पहिल्याइतकीच निघाली.

तक्रार आहे ती यापुढची. हे औषध हातापायांच्या त्वचेत झिरपून साचते, आणि जिथे घासले जाते, दाब पडतो किंवा ऊब लागते तिथे कातडी लाल होऊन सोलते. हा दुष्परिणाम सर्वश्रुत आहे. जिथे दिवसभरात किमो देऊन घरी सोडतात त्या खासगी डे-केअरमध्ये आम्हाला त्याविषयी एक शब्दही सांगितला गेला नाही. मिळाला तो इंग्रजी कागद, त्यात आहाराची माहिती. तिसऱ्या सायकलीनंतर आई सोयाबीनच्या निंदणाला गेली, घरी येऊन चुलीपुढे भाकरी थापली आणि रात्री म्हणाली, 'बाबू, हात भाजल्यावानी लागून राह्यले.' सकाळी तळव्यांची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. टाचांनाही भेगा पडून पाणी येत होते. चौथी सायकल दोन आठवडे पुढे ढकलावी लागली, ती केवळ कोणी दोन वाक्ये बोलले नाही म्हणून. लघवी लालसर होते हेही सांगितले नव्हते. पहिल्या रात्री आम्ही रक्तच समजून जाम चौरस्त्यावर गाडी शोधत उभे होतो.

हे औषध कोणाला लागले, तर खुरपे, चुलीची धग, गरम पाण्याची भांडी आणि अनवाणी चालणे सायकलीनंतर किमान आठवडाभर टाळावे, सैल चप्पल वापरावी आणि तळवे चुरचुरू लागताच, साल निघण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे. छापील किमतीवर जाऊ नये. आम्हाला दोन दुकानांत एकाच कुपीचे दोन भाव मिळाले, आणि दोन्ही छापील किमतीहून बरेच खाली होते.

सहाव्या सायकलीनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नाही, फारशी घटलेलीही नाही. डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये बोलावले आहे. तोवर कापसाची वेचणी सुरू झालेली असेल, आणि आईने यंदा फक्त धुऱ्यावर बसून मजुरांवर लक्ष ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. ती ऐकेल की नाही, ते मला सांगता येत नाही.