घाणा, फिल्टर, रिफाइंड : आठ महिने वापरून काय कळलं

दिवाळीच्या आधीपासून आता आषाढ लागेपर्यंत आमच्या घरात लाकडी घाण्याचं शेंगतेल, गिरणीचं फिल्टर शेंगतेल आणि पिशवीतलं रिफाइंड अशी तिन्ही आलटून पालटून वापरली. मधे करडई पण आणली, तिचं वेगळंच रामायण झालं, सांगते.

आधी मला वाटायचं फिल्टर म्हणजे जरा स्वस्तातलं रिफाइंड. तसं नाही ओ. फिल्टर म्हणजे मशीनमधे दाबून काढलेलं तेल नुसतं गाळलेलं, डबल फिल्टर म्हणजे तेच दोनदा गाळलेलं, बस. रिफाइंडला मात्र चिकटा काढतात, कॉस्टिक घालून आंबटपणा मारतात, मातीतून काढून रंग उडवतात आणि शेवटी २०० डिग्रीच्या वर वाफ सोडून वास घालवतात, म्हणून कशाचंही असलं तरी वास सारखाच, म्हणजे नाहीच. आणि पिशवीवरचं ते ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून जास्तीचे पैसे देऊ नका, कुठल्याच बियांच्या तेलात ते नसतं.

घाण्याच्या तेलाचा कॅन उघडला की ओल्या शेंगा फोडल्यासारखा वास येतो, तळाला बोटभर गाळ बसतो. शेंगा चटणीवर चमचाभर घातलं आणि कडक भाकरी, विषय संपला. फोडणीलाही झकास. पण दिवाळीत मी शहाणपणा करून चकल्या पण त्याच्यातच तळायला घेतल्या आणि दुसऱ्या घाण्यालाच, म्हणजे चकल्यांच्या घाण्याला हं, फेस कढईच्या काठापर्यंत आला, धूर झाला, सासूबाई गॅस बंद करायला धावल्या. न रिफाइंड केलेलं शेंगतेल साधारण १६० डिग्रीला धुरायला लागतं, तळणाला १७०-१८० तरी लागतात. रिफाइंड शेंगतेल २३० च्या आसपास जातं. तेव्हापासून तळण रिफाइंडमधेच.

फसले पण एकदा. एका दुकानातनं ‘घाण्याचं’ म्हणून आणलं, फिकट पाणी, वास नाही, महिनाभरात गाळ नाही. मग हिशोब शिकले. किलोभर तेलाला घाण्यावर अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. दाणे १३० धरले तरी सव्वातीनशेचे नुसते दाणे झाले, पेंडीचे पैसे सुटतात पण मजुरी, लाइट आहेच की. त्याच्या खूप खाली कुणी घाण्याचं शेंगतेल देत असेल तर कशातनं देतोय बाबा? आता समोर घाणा फिरताना दिसतो तिथूनच घेते. डब्याचंही बघा, १५ लिटर आणि १५ किलो एक नाही, लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर. भाव विचारताना किलोचा की लिटरचा ते आधी विचारायचं.

आता करडई. सासूबाईंच्या माहेरी तेच खायचे, ज्वारीच्या रानात करडईचे पाटे असायचेच, म्हणून मार्चमधे हौसेनं पाच किलो घाण्यावर काढून आणलं. भाकरीवर कच्चं घेतलं की काय चव! पण एप्रिल संपता संपता खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. नंतर कळलं की त्यात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, हवा आणि उष्णता लागली की ते पटकन बिघडतं, रंग-व्हार्निशमधे पण हे तेल वापरतात ते त्याच गुणामुळे. आणि आपल्या सोलापूरचं ऊन, त्यात माझा कॅन गॅसच्या शेजारी. चूक माझीच. निम्मं तेल देवापुढच्या समईत गेलं.

सध्या महिन्याला दोन किलो घाण्याचं, स्टीलच्या बरणीत, फडताळात आत. तळणाला रिफाइंडची लिटरची पिशवी, तळून उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवते, परत तळायला नाही. फिल्टरवाला डबा बंद केला, वाईट होता म्हणून नाही, पण ना धड वास ना धड तळण. करडई मात्र पुढच्या फेब्रुवारी-मार्चला नवी निघाली की परत आणायची ठरलीय, अर्धाच किलो, सासूबाईंनी बरणी आत्ताच धुऊन पालथी घातलीय.