पुण्यातले ट्रॅव्हल क्लिनिक, सरकारी यलो फीवर केंद्र आणि २८ दिवसांचा हिशेब

गेली सतरा वर्षे मी कोल्हापुरात सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते. ऑगस्टअखेरीस दोन महिन्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला, फ्रीटाऊन बंदरात थांबणाऱ्या ‘ग्लोबल मर्सी’ या मर्सी शिप्स संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर स्वयंसेविका म्हणून जाण्याचे निश्चित झाले. या जहाजावर सहा शस्त्रक्रियागृहे आहेत आणि तेथे प्रामुख्याने दुभंगलेले ओठ, मोठे गलगंड, हर्निया, भाजल्यानंतर आखडलेले हात, लहान मुलांचे वाकडे पाय अशा वर्षानुवर्षे रखडलेल्या रुग्णांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. तेथे जाणाऱ्या परिचारिकेला पगार मिळत नाही; विमानाचे भाडे आणि जहाजावर राहण्याचा खर्चही ज्याचा त्यानेच करायचा असतो. त्यामुळे तयारीवर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाची आणि रजेच्या प्रत्येक दिवसाची नोंद माझ्या वहीत आहे, आणि हे परीक्षण त्या वहीवरूनच लिहिले आहे.

तयारीतला सर्वांत खर्चिक आणि किचकट भाग लसीकरणाचा होता. त्यासाठी मी पुण्यातील एक खासगी ट्रॅव्हल क्लिनिक आणि यलो फीवर या डासांमुळे पसरणाऱ्या तापाची लस देणारे एक सरकारी केंद्र अशा दोन सेवा वापरल्या. दोन्हींची नावे मी मुद्दाम देत नाही. खासगी क्लिनिक असताना सरकारी केंद्राची गरज काय, असे कोणी विचारेल, म्हणून सांगते: यलो फीवरची लस आणि तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ‘पिवळे कार्ड’ म्हणतो ते, शासनाने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. बाकीच्या लसी कोठेही घेता येतात.

क्लिनिकबद्दल आधी चांगले लिहिते, कारण ते खरोखर चांगले आहे. वेळ ठरवून बोलावतात आणि ठरल्या वेळेला आत घेतात. लसींचा फ्रिज दर्शनी भागात असून त्याच्या दारावर दिवसातून दोनदा लिहिलेल्या तापमानाचा तक्ता लावलेला आहे. मी सवयीने तो वाचला, आणि एकाही दिवसाची जागा रिकामी नव्हती. तपासणी शुल्क ₹१,२०० होते. त्या बदल्यात डॉक्टरांनी पाऊण तास दिला, आणि त्या पाऊण तासातली एक सूचना साऱ्या खर्चाची भरपाई करणारी ठरली. नर्सिंगच्या शिक्षणात मी हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस घेतले होते आणि त्या जोरावर इतकी वर्षे निर्धास्त होते. डॉक्टरांनी प्रतिपिंडांची पातळी तपासायला लावली. ती किमान १० असावी लागते. माझी ४ आली. रोज सुया हाताळणाऱ्या बाईने स्वतःची ही एक तपासणी सतरा वर्षांत करून घेतली नव्हती, याची मला लाज वाटली. त्याच दिवशी बूस्टर घेतला. टायफॉइडची कॉन्जुगेट लस आणि धनुर्वात-घटसर्पाचा डोसही तेथेच घेतला, आणि प्रत्येक लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख त्यांनी न मागता छापील कागदावर दिली.

मलेरियाच्या गोळ्यांबाबतचा सल्लाही नेमका होता. सिएरा लिओनमध्ये फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे सर्वांत घातक, मलेरिया बारमाही असतो आणि त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यावी लागते, पण तिने काहींना भयानक स्वप्ने पडतात व मन अस्वस्थ होते. पाळीपाळीने रात्रपाळी करणाऱ्या माणसाला ती नको, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सोयीची असते, कारण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण दोन महिन्यांच्या गोळ्यांची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती. शेवटी डॉक्सिसायक्लिन ठरली: रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नाही आणि उन्हात बाहेर पडताना हातपाय झाकायचे, हे सगळे डॉक्टरांनी आपणहून सांगितले. आपल्याकडे सकाळची गोळी दुधाच्या चहाबरोबर गिळण्याची जी रीत आहे, तिचाही त्यांनी उल्लेख केला आणि ती या गोळीपुरती मोडायला सांगितली.

तक्रार आता येते. मला कांजिण्या कधी आल्या नव्हत्या. रक्ततपासणीतही त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली नाहीत, म्हणून १२ जुलैला क्लिनिकने मला त्या लसीचा पहिला डोस दिला. लस द्यायला माझी हरकत नव्हती. वॉर्डात लहान मुले असणार, तेव्हा ती हवीच होती. परंतु कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असते आणि यलो फीवरचीही तशीच असते. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या अशा दोन लसी एक तर एकाच दिवशी द्याव्या लागतात किंवा त्यांच्यात किमान २८ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. ‘यलो फीवरची लस घेतली का, नसल्यास कोणत्या तारखेला घेणार?’ हा प्रश्न मला त्या दिवशी कोणीही विचारला नाही. सिएरा लिओनमध्ये उतरणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवावेच लागते, हे प्रवाशांना सल्ला देणाऱ्या क्लिनिकला ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. मी परिचारिका आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी अर्ध्याहून अधिक प्रश्न गाळले, असे मला नंतर जाणवले. ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ हे वाक्य त्या पाऊण तासात मी चार-पाच वेळा ऐकले. मला सगळेच माहीत नव्हते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रोज यलो फीवर कोण पाहतो?

हे उमगले ते १६ जुलैला, सरकारी केंद्रात. ही लस अनेक डोसांच्या कुपीत येते आणि कुपी एकदा विरघळवली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच लस देतात. माझ्या केंद्राचा वार बुधवार होता. मी मध्यरात्रीच्या एसटीने निघून पहाटे पुण्यात उतरले आणि साडेआठला रांगेत उभी राहिले. पुढे रत्नागिरीकडची मर्चंट नेव्हीतली चार मुले होती आणि टांझानियात दुकान असलेले एक गृहस्थ होते. पंख्याखाली लाकडी बाक, भिंतीवर उडालेला रंग, पिण्याच्या पाण्याच्या मशीनला नळच नाही, अशी जागा. क्लिनिकच्या वातानुकूलित खोलीनंतर ती डोळ्यांत खुपली हे खरे आहे.

टेबलामागच्या सिस्टरांनी मात्र एकही प्रश्न सोडला नाही. अंड्याची ॲलर्जी आहे का, थायमस ग्रंथीचा काही आजार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस राहिले आहेत का, आणि गेल्या महिन्याभरात कोणती लस घेतली आहे का. मीही सिस्टरच आहे, असे सांगून मी विषय थोडक्यात आवरू पाहिला, तेव्हा त्या पेन खाली न ठेवता म्हणाल्या, ‘‘सिस्टर असाल हो, पण आज पेशंट आहात. उत्तरं द्या.’’ कांजिण्यांची तारीख ऐकताच त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट टेकवून आठवडे मोजले. १२ जुलैपासून २८ दिवस म्हणजे ९ ऑगस्ट. त्यानंतरचा पहिला बुधवार १३ ऑगस्ट. लस दिल्यानंतर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते, म्हणजे २३ ऑगस्ट. माझे विमान २८ ऑगस्टला. पाच दिवस हाती राहत होते. १३ ऑगस्टला ताप आला असता किंवा लसीचा साठा संपला असता, तर तिकीट वाया जाण्याचीच वेळ आली असती. त्या दिवशी मला लस न घेताच परतावे लागले. एक रजा आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे फुकट गेले.

तेथून निघताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो क्लिनिकमध्ये मला अपेक्षित होता: ‘‘तिथं जाऊन काम काय करणार?’’ जखमांच्या पट्ट्या आणि ऑपरेशननंतरची देखभाल, असे सांगितल्यावर त्यांनी लासा तापाविषयी वाचून जा, असे बजावले. क्लिनिकने मला ‘आफ्रिका प्रवास’ नावाची आठ पानी पुस्तिका दिली होती. तिच्यात किलिमांजारो चढताना होणाऱ्या उंचीच्या त्रासाला एक पूर्ण पान आहे आणि सफारीत माकडांपासून सावध कसे राहावे हेही आहे. लासाचा मात्र उल्लेखही नाही. हा ताप एका जातीच्या उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या अन्नातून माणसात येतो, तेथून रुग्णाच्या रक्तावाटे शुश्रूषा करणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि सिएरा लिओनच्या पूर्व भागात, केनेमाच्या परिसरात, तो कायमचा मुक्कामाला आहे. १९६९ मध्ये नायजेरियात मिशनच्या परिचारिका आजारी पडल्या तेव्हाच तो जगाला ओळखू आला. सहलीला जाणाऱ्याला हे कळले नाही तरी चालेल. कामाला जाणाऱ्या परिचारिकेला ते आधी सांगायला हवे.

१३ ऑगस्टला दोन्ही कामे उरकली. सकाळी केंद्रात डाव्या दंडाला यलो फीवर आणि दुपारी क्लिनिकमध्ये उजव्या दंडाला कांजिण्यांचा दुसरा डोस. एकाच दिवशी घेतल्याने अंतराचा प्रश्न पुन्हा उद्भवला नाही. केंद्राचे शुल्क ₹३०० होते. लसीनंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात आणि मध्येच उठून कोणी चहाला निघाले तर परत बोलावतात. चौथ्या दिवशी अंग मोडून आले, पॅरासिटामॉलने दीड दिवसात उतरले.

केंद्राच्या खात्यावरही एक चूक आहे. कार्ड भरणाऱ्या कर्मचाऱ्याने माझ्या पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकवला आणि मी दाखवून दिल्यावर त्यावरच पेन फिरवून ३ चा ८ केला. या कार्डावरची खाडाखोड ते अवैध ठरवू शकते, तसे कार्डावरच छापलेले असते. परतताना मुंबईच्या विमानतळावर कार्ड ग्राह्य धरले नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, आणि ही सक्ती उगाच नाही: हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या प्रत्येक कुंडीत आणि टायरमध्ये आहे. मी नवीन कार्ड मागितले. कर्मचारी कुरकुरला, ‘‘एवढ्यानं काय होतंय, ताई?’’ सिस्टरांनी काही न बोलता जुने कार्ड फाडले आणि नवे स्वतःच्या अक्षरात भरून, बॅच क्रमांक व शिक्क्यासह माझ्या हातात दिले. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध असते, त्यामुळे ते एकदाच नीट भरून घेण्यासाठी दहा मिनिटांचा वाद घालायला हरकत नाही.

क्लिनिकला मी पाचपैकी तीन गुण देते आणि केंद्राला चार. केंद्राचा एक गुण त्या ३ आणि ८ पायी गेला. क्लिनिकला मी झाला प्रकार लेखी कळवला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून चूक मान्य केली आणि १३ तारखेचे तपासणी शुल्क घेतले नाही. कोणी जाणार असेल तर आधी सरकारी केंद्राची तारीख मिळवावी, ती क्लिनिकच्या डॉक्टरांसमोर ठेवावी आणि मगच बाकीच्या लसींचे वेळापत्रक आखून घ्यावे. निघण्यापूर्वी दोन महिने हाती असतील तर उत्तम. त्या दुपारी क्लिनिकमध्ये नोंदणीचा फॉर्म पुन्हा भरायला दिला, तेव्हा छापील रकान्यांच्या खाली निळ्या पेनाने एक नवी ओळ आखलेली होती: ‘यलो फीवर लस – घेतली / घेणार, दिनांक’. झेरॉक्स काढताना ती ओळ जराशी तिरकी आली आहे.