रीफ टँकच्या मॅक्रो फोटोग्राफीचं ‘किट अधिक कोर्स’: पैसे भरण्याआधी हे वाचा

घरच्या रीफ टँकमधल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवलेल्या कोरलचे जवळून फोटो काढायला शिकवतो, सोबत ‘१:१ मॅक्रो किट’ही देतो, असं सांगून माझ्याकडून चांगलीच रक्कम उकळली गेली. विकणाऱ्याचं नाव देत नाही. दिलं तरी फायदा नाही, कारण तो नाव बदलत राहतो. पद्धत तीच ठेवतो.

जाळं टाकलं होतं ते फोटोंचं. झोआ या बटणासारख्या कोरलच्या तोंडाभोवतीची एकेक रेघ, ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलवरचे पूर्ण उमललेले पॉलिप (कोरलचे इवले जीव), सगळं डोळ्यांत भरणारं. खाली दावा असा की, मॅक्रो लेन्सवर खर्च करू नका, आमची काच तुमच्या लेन्सवर फिरवून बसवा आणि १:१ मिळवा. हाती पडली ती +१० ची साधी, एकाच भिंगाची क्लोज-अप लेन्स, एक नारिंगी फिल्टर आणि ‘खास रीफ प्रीसेट’ नावाची, फोटोचे रंग एका झटक्यात बदलणाऱ्या तयार सेटिंगची फाइल.

१:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडणं. माझ्या कॅमेऱ्यासारखा एपीएस-सी आकाराचा सेन्सर साधारण २३ मिमी रुंद असतो, म्हणून अशा फोटोत पट्टीचे २३ मिमीच मावायला हवेत. माझ्या ५० मिमी लेन्सवर ही काच लावून पट्टीचा फोटो काढला तर ४५ मिमीच्या आसपास दिसले. म्हणजे मोठेपण १:१ च्या निम्मंच. गणित सरळ आहे: +१० भिंगाचं नाभीय अंतर १०० मिमी, आणि लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल तर मिळणारं मोठेपण म्हणजे तुमच्या लेन्सचं नाभीय अंतर भागिले १००. १०० मिमी लेन्सवर १:१ मिळेलही, पण जाहिरातीत ‘कुठल्याही लेन्सवर’ लिहिलं होतं.

याहून मोठी लबाडी अंतराची. ही काच लावली की फार तर १० सेमीपर्यंतची वस्तू फोकसमध्ये येते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे आतल्या वस्तू आहेत त्यापेक्षा जवळ भासतात, तेवढी सवलत धरली आणि लेन्स जवळजवळ टाकीला टेकवली, तरी काचेच्या आत सुमारे १२ सेमीपर्यंतच पोहोचता येतं. मागच्या खडकावरचं कोरल या किटने टिपता येणारच नव्हतं. टाकीबद्दल काही न विचारता हे कुणालाही विकणाऱ्याने कधी टँकचा फोटो काढलाय की नाही, याचीच मला शंका आहे. काचेतून तिरकं पाहिलं तर कडांना रंगांच्या झालरी येतात, लेन्स काचेला काटकोनात धरायची आणि वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारा पंप) थोडा वेळ बंद करायचा, या पहिल्या धड्यातल्या गोष्टीसुद्धा कोर्समध्ये नव्हत्या. प्रीसेटचं तर विचारूच नका. निळ्या एलईडीखाली निळा चॅनल, म्हणजे फोटोतली निळ्या रंगाची नोंद, एकदा पूर्ण भरून वाहिला की त्यातला गेलेला तपशील कुठलाही प्रीसेट परत आणत नाही. तिथे घेतानाच एक्स्पोजर कमी ठेवायचं आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढायचं, एवढाच मार्ग.

संशय आल्यावर मी जाहिरातीतल्या एका फोटोची रॉ फाइल मागितली. आली. उघडेना. शेवटचं एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केल्यावर लगेच उघडली! जेपीजीलाच रॉचं नाव दिलं होतं. मग उलट इमेज शोध केला, म्हणजे फोटो देऊन तो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं, तर फोटो वेगवेगळ्या शौकिनांचे निघाले. एकाच्या कोपऱ्यात तर मूळ सहीचं शेपूट कापायचं राहून गेलं होतं.

परताव्याची अट मात्र डोकं लावून लिहिलेली होती. मुदत पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजायची आणि किट पाठवायचं ती उलटून गेल्यावर. ‘लाइव्ह वर्ग’ पुढे ढकलत राहायचं, तक्रार केली की ‘तुमची टाकीच नीट नसेल’ म्हणायचं आणि शेवटी ब्लॉक. बँकेकडे तक्रार करताना पट्टीचा फोटो आणि ती बनावट फाइल दोन्ही जोडली; काही रक्कम परत आली, उरलेल्या रकमेचा पाठपुरावा चालू आहे.

असं काही विकत घेणार असाल तर दोनच गोष्टी मागा: त्यांच्याच लेन्सने, कॅमेऱ्याचं मॉडेल सांगून काढलेला पट्टीचा फोटो, आणि जाहिरातीतल्या एखाद्या फोटोची खरी रॉ फाइल. खरा फोटोग्राफर रॉ फाइल द्यायला नकार देऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण व्हिडिओ कॉलवर ती उघडून दाखवायला त्याला अडचण नसते.

आता तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा फिरताना दिसले, या वेळी आडवे उलटवून. उलटवल्यावर इमेज शोधाला काही वेळा ते सापडत नाहीत, तेव्हा शोधण्याआधी आरशातल्यासारखा फिरवून एकदा पाहा.