गुडघेवाल्यांच्या गटात एक टाच

मोठ्या दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूंच्या एका आधार-गटात मी बरेच महिने जाते आहे. गटाचं नाव लिहीत नाही. तिथे कोण काय बोललं ते बाहेर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे, आणि नाव दिलं की माणसं ओळखू येतात. तरीही हे परीक्षण लिहितेय, कारण जावं की नाही हे ठरवताना मला कामाचं काहीच वाचायला मिळालं नव्हतं. 'सकारात्मक राहा' छापाचं मात्र रग्गड मिळालं.

आधी माझं दुखणं. मी बॅडमिंटन दुहेरी खेळते. कोर्टच्या मागच्या कोपऱ्यातून पुढे झेपावताना डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, तुटली. कुणीतरी मागून लाथ मारली असं वाटून मी वळून पाहिलं, तर मागे फक्त रेषा होती. हे इतक्या जणांना वाटतं की डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच ते विचारून घेतात. मग पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल जागचं हललं नाही, निदान झालं. शस्त्रक्रिया, टाचेखाली पाचरी घातलेला बूट, कुबड्या, आणि दर काही दिवसांनी एक पाचर कमी. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. ठरलेलं नव्हतं ते पुढचं. संघातली मंडळी सुरुवातीला रोज यायची, मग स्पर्धांचा हंगाम आला आणि त्यांच्या बोलण्यात मला न कळणारे संदर्भ यायला लागले. कुणाची चूक नाही. पण खेळाडूचा बहुतेक गोतावळा मैदानावरच असतो, आणि मैदान बंद झालं की तोही बंद होतो.

म्हणून गटात गेले. एक फिजिओ आणि एक निवृत्त हँडबॉलपटू मिळून तो चालवतात. आठवड्यातून एकदा, व्यायामशाळा बाकीच्यांसाठी बंद झाल्यावर, बैठक असते. खुर्च्या गोल मांडलेल्या आणि प्रत्येकासमोर एक स्टूल. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाय वर ठेवायला. तसं ते होतंच, पण निम्मी माणसं त्यावर फक्त टाच टेकवून गुडघा अधांतरी सोडून बसली होती. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं, त्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा पूर्ण सरळ होणं हे सुरुवातीचं सगळ्यात महत्त्वाचं काम असतं, आणि ही मंडळी गप्पा मारता मारता ते उरकत होती. मला ते फार आवडलं. नंतर लक्षात आलं की खोलीत गुडघेच गुडघे आहेत. एसीएल, मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी), पुन्हा एसीएल, एक खांदा, आणि मी.

या गटाचं एक मोठं बलस्थान आहे: तिथे सगळे एकाच पायरीवर नाहीत. कुणी कालच टाके काढून आलंय, कुणी नुकतंच सरळ रेषेत पळायला लागलंय, कुणी परत खेळतंय आणि तरी येतंय. नुसते समदुःखी गोळा केले तर तासाभरात रडारड होते. इथे तुमच्या दोन-तीन महिने पुढे असलेलं माणूस समोर बसलेलं असतं आणि पुढचा महिना कसा दिसतो ते सांगतं. डॉक्टर तक्ता देतात, त्यात 'पूर्ण वजन टाकून चालणे' एवढंच लिहिलेलं असतं. त्या चालण्याच्या पहिल्या आठवड्यात दुसरा पाय, कंबर आणि स्वभाव या तिन्हींचं काय होतं, हे तक्त्यात नसतं.

उदाहरण देते. विशीतला एक फुटबॉलपटू, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा काढून गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलेला, सहाव्या महिन्यात म्हणाला की आता मी सामन्याला तयार आहे. एका पायावरच्या उड्यांच्या चाचणीत त्याचा दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर पोचला होता. फिजिओ गप्प राहिल्या. बोलली ती लांब उडीवाली, जिचं स्वतःचं लिगामेंट दुसऱ्यांदा तुटलंय. तिने एसीएलच्या रुग्णांवरचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला डेलावेअर-ओस्लो अभ्यास सांगितला: शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी दिसलं. परतण्याचे निकष पूर्ण न करता खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला, पूर्ण केलेल्यांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी जणांचा. मग म्हणाली, "आणि तुझे ते नव्वद टक्के कशाच्या तुलनेत? चांगला पाय पण सहा महिने बसूनच होता ना?" तो चिडला. पुढच्या बैठकीला आला नाही, त्याच्या पुढच्या बैठकीला आला. तोच आकडा डॉक्टरांनी त्याला आधी सांगितला होता, हे नंतर कळलं. डॉक्टर सांगतात तेव्हा ती बंदी असते. जिचा गुडघा दोनदा उघडलाय ती सांगते तेव्हा ती बातमी असते.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

पहिली म्हणजे गुडघ्यांचं राज्य. भीती मोजायला वाटतात ती बारा प्रश्नांची प्रश्नावली एसीएलची, भिंतीवरचा तक्ता एसीएलचा, पाहुणे तज्ज्ञ गुडघ्याचे. अकिलीस तुटलेल्यांसाठी दहा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, एटीआरएस नावाची, २००७ पासून वापरात आहे. मी ती छापून नेऊन दिली तेव्हा आयोजकांनी मनापासून आभार मानले आणि फाइलीत ठेवली. बराच काळ ती फाइलीतच होती. हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. गुडघेवाल्यांचा सुरुवातीचा मंत्र 'ताण, सरळ कर'. माझ्या दुखापतीत सुरुवातीच्या काळात पाऊल वर ओढून पोटरी ताणणं म्हणजे सांधत आलेली कंडरा लांबवणं, आणि लांब झालेली कंडरा नंतर जमिनीला जोर लावू देत नाही. एका भल्या माणसाने, अगदी मायेने, मला टॉवेल पावलात अडकवून ओढायला सांगितलं. त्याला त्याचा फायदा झाला होता.

इथे गटाच्या बाजूने एक नोंद करायला हवी. तो वाक्य पुरं करायच्या आत फिजिओंनी थांबवलं: "अनुभव सांगा, व्यायाम सांगू नका." हा त्यांचा नियम आहे आणि तो खरोखर पाळला जातो. औषधांबद्दलही तसंच. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर तर ते मतच देत नाहीत. नवा कुणी विचारतो तेव्हा अकिलीसबद्दलचे २०२२ च्या मोठ्या नॉर्वेजियन चाचणीचे निकाल वाचून दाखवतात: वर्षाअखेरीला पायाचं काम शस्त्रक्रिया केलेल्यांचं आणि न केलेल्यांचं सारखंच, पण पुन्हा तुटण्याचं प्रमाण न केलेल्यांत ६.२ टक्के आणि केलेल्यांत ०.६ टक्के. ऐकवतात आणि सांगतात, हे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. अशा गटांत बोलघेवडे वैद्य फार लवकर तयार होतात. इथे त्यांना उगवू दिलेलं नाही, याचे पूर्ण गुण.

दुसरी तक्रार संदेशांच्या ग्रुपची. तो मी मूक करून ठेवलाय. रोज सकाळी कुणीतरी पुनरागमनाची गोष्ट टाकतं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची अकिलीस एप्रिल २०१३ मध्ये तुटली आणि डिसेंबरमध्ये तो मैदानात होता, हे मला किती जणांनी पाठवलं असेल! पुढचं वाक्य कुणी पाठवत नाही: सहा सामने खेळल्यावर त्याच्या गुडघ्याचं हाड मोडलं आणि तो हंगाम तिथेच संपला. दुसरा बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरँटने तीच दुखापत झाल्यावर जून २०१९ ते डिसेंबर २०२० असा साधारण दीड वर्ष वेळ घेतला आणि परत येऊन उत्तम खेळला. त्याची गोष्ट कमी फिरते, कारण त्यात घाई नाही. कुस्तीगीर विनेश फोगाटला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्ट्रेचरवरून नेलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं, ही गोष्ट मलाही आवडते. पण सकाळी सात वाजता, आदल्या रात्री बूट घालून झोप लागलेली नसताना, नाही आवडत.

उलट बैठकीत याच विषयावर जे झालं ते मी विसरणार नाही. स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिच्याबद्दल बोलणं निघालं होतं. आम्हा बॅडमिंटनवाल्यांना ती नव्याने सांगायला नको. २०१९ मध्ये उजवा गुडघा गेला, त्याच वर्षी परत येऊन तिने चायना ओपन जिंकली. २०२१ मध्ये डावा गेला, टोकियो ऑलिंपिक हुकलं. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना, उजवा पुन्हा गेला. पुनरागमनाच्या गोष्टींचं हे तिसरं प्रकरण कुणी पोस्टरवर छापत नाही. एका मुलीने विचारलं, "मग एवढं करून उपयोग काय?" कुणीही घाईने उत्तर दिलं नाही. मग हँडबॉलवाल्या दादांनी फक्त हे सांगितलं की त्या सामन्यात समोर असलेली चीनची खेळाडू हे बिंगजियाओ रौप्यपदक घ्यायला गेली तेव्हा तिच्या हातात स्पेनचा बिल्ला होता. ते त्याचा अर्थ सांगत बसले नाहीत, हे बरं केलं. चर्चा पुढे तासभर चालली आणि त्यात 'जिद्द' हा शब्द एकदाही आला नाही.

जे परतत नाहीत त्यांचं काय, यावरून मी कुठलाही असा गट जोखेन. एसीएल शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये आला होता. कुठला तरी खेळ पुन्हा खेळणारे ८१ टक्के, आधीच्या पातळीवर परतणारे ६५ टक्के, स्पर्धात्मक खेळात परतणारे ५५ टक्के. हे आकडे इथे नव्या माणसापासून लपवत नाहीत. आणि एक कुस्तीगीर आहे, ज्याने पूर्ण बरा होऊनही परतायचं नाही असं ठरवलं. तो अजून येतो, खुर्च्या मांडतो, नव्यांना कुबड्यांची उंची लावून देतो. त्याला कुणी 'अजून विचार कर' म्हणत नाही. घरी मात्र सगळे म्हणतात, असं तो सांगतो. मला वाटतं, मी टिकले ती त्याच्यामुळे. परतणं ही इथली प्रवेश-फी नाही, हे त्याच्याकडे बघून कळतं.

एक मानसोपचारतज्ज्ञ एका बैठकीआड येतात. त्या कमी बोलतात. झोप उडणं, जेवण तुटणं, जगण्याबद्दल काही काळजीचं बोलणं कानावर आलं तर गट स्वतः ते हाताळायला जात नाही, त्याच दिवशी त्यांच्याकडे किंवा दवाखान्यात पोचवतो. एकदा मी हे होताना पाहिलंय. काम शांतपणे, गाजावाजा न करता झालं. अधिक लिहिणं योग्य नाही.

राहता राहिली 'जोडीदार' योजना. कागदावर उत्तम: तुमचीच दुखापत होऊन गेलेलं एक माणूस तुम्हाला जोडून देतात. मला सुरुवातीला एक गुडघा मिळाला. भीतीबद्दल, पुन्हा कोर्टवर पाय ठेवण्याबद्दल ती छान बोलायची, पण पोटरीबद्दल विचारलं की दोघी हसायचो. खरी जोडीदार फार उशिरा मिळाली, तीही दुसऱ्या गटाकडून मागवून आणलेली: तिहेरी उडी मारणारी, अकिलीस तुटून वर्षं झालेली. तिच्याशी फोनवर बोलले तेवढ्यात मला जे मिळालं ते आधीच्या कुठल्याच बैठकीत मिळालं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, एका पायावर टाच किती वेळा उचलली ते मोजू नकोस, किती उंच उचलली ते मोज. संख्या लवकर येते, उंची नाही. आणि पोटऱ्या सारख्या दिसायची वाट बघत बसू नकोस." तेव्हापासून भिंतीवर पेन्सिलची रेघ आहे. ही योजना गुडघेवाल्यांसाठी झकास चालते. बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी "माझ्याच दुखापतीचं माणूस द्या, बाहेरून आणा" असं स्पष्ट मागावं. मागितल्याशिवाय हलत नाही.

जाणार असाल तर डिस्चार्जचा कागद सोबत ठेवा, म्हणजे कुठली शस्त्रक्रिया झाली याचा घोळ होत नाही. घरचं माणूस पहिल्या बैठकीपुरतं चालतं, नंतर त्यांना बाहेर थांबावं लागतं; प्रशिक्षकांना आत घेतच नाहीत, आणि संघातली जागा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर कोण खरं बोलणार? व्यायामशाळेच्या पायऱ्यांना कठडा एकाच बाजूला आहे, कुबड्या असतील तर कुणाला तरी आधी फोन करा, उतरून येतात. आणि माझ्यासारखा पाचरींचा बूट पायात असेल तर दुसऱ्या पायात जाड तळव्याचा जोडा घाला. दोन पायांची उंची जुळली नाही तर तासभर बसून उठताना कंबर बोलते, आणि कंबरेसाठी तिथे अजून तरी कुणी जोडीदार नाही.